लेखी द्या

"लेखी द्या."

हे म्हणताना ते मान वर करत नसत. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात कोऱ्या कागदांचा गठ्ठा असायचा. त्यातला एक ओढायचा, समोरच्याच्या पुढ्यात सरकवायचा, त्यावर शाईचं पेन आडवं ठेवायचं आणि पुन्हा आपल्या रजिस्टरात डोकं घालायचं. समोर प्राध्यापक असो, एफ.वाय.चं नवखं पोर असो, नाहीतर पाण्याची मोटर दुरुस्त करायला आलेला माणूस असो, कागद सगळ्यांपुढे सारखाच सरकायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बँकेत, पोस्टात, कुठल्या ना कुठल्या खिडकीमागे. आणि मनातल्या मनात त्यांना शिव्याही घातल्या असतील. मी मोठ्याने घातल्या आहेत.

ते आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, मीही तेच म्हणते. खरं नाव लिहायचं तर त्यांची परवानगी हवी, आणि ती मागायला गेले असते तर काय उत्तर मिळालं असतं ते एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल.

कॉलेज अंधेरी पश्चिमेला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका गल्लीत होतं. आता तिथे काय उभं राहिलंय ते बघायला मी जात नाही. फक्त आर्ट्सचं कॉलेज. तळमजला अधिक एक, सहा वर्ग, आणि लायब्ररी एवढीशी की दोघं आत असली तर तिसऱ्याने दारात उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं. एका निवृत्त हेडमास्तरांनी ते काढलं होतं. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. कोळीवाड्यातली, चाळींतली, कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची मुलं मॅट्रिक झाली की कुठेतरी चिकटायची. त्यांनी आधी चार कविता वाचाव्यात, इतिहास वाचावा, तर्कशास्त्रावरून एकमेकांशी भांडावं, ही त्या माणसाची हौस. मी नोकरीला लागले तेव्हा सर वारले होते. त्यांचा फोटो ऑफिसात होता आणि भाऊसाहेब रोज सकाळी तो धोतराच्या जुन्या फडक्याने पुसत. हार वगैरे काही नाही, नुसता पुसत.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी मराठीत एम.ए. होऊन बसलेली, गोरेगावहून बसने आले, प्राचार्यांनी मुलाखत घेतली आणि म्हणाले, उद्यापासून या. दुसऱ्या दिवशी सात वाजून वीस मिनिटांनी मी इस्त्रीची साडी नेसून ऑफिसात हजर. भाऊसाहेब मला मस्टरच देईनात.

"नेमणूकपत्र?"

"प्राचार्य म्हणाले, उद्यापासून या."

कागद सरकला. मी प्राचार्यांकडे गेले तर ते कुठल्याशा बैठकीला. तीन दिवस मी रोज येऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. वर वर्गात पोरं धिंगाणा घालतायत, मी शिकवायला टपलेली, आणि हा गृहस्थ मला जिना चढू देत नाही. अगदी डोक्यात गेले माझ्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच, मी काय पळून जाणार आहे का?

"तुम्ही नाही, मॅडम," ते म्हणाले. "तोंडी शब्द पळतो."

चौथ्या दिवशी पत्र हातात पडलं. पद, वेतनश्रेणी, कायम स्वरूपाची नेमणूक, सगळं स्वच्छ टाइप केलेलं. टाइप त्यांनीच केलं होतं, प्राचार्यांच्या मागे लागून सही त्यांनीच आणली होती. आणि तारीख मी बाकावर बसले त्या पहिल्या दिवसाची घातली होती. मी विचारलं तर म्हणाले, हजर होता ना, मग झालं तर.

पुढे मला त्यांची सवय झाली. सवय म्हणजे काय, गंमत वाटायला लागली. एकदा गोरेगावच्या स्टुडिओतले लोक आमची इमारत कोर्ट म्हणून दाखवायला आले. ट्रस्टच्या अध्यक्षांनी फोनवर हो म्हटलेलं. ट्रक आले, दिवे आले, वकिलाचा काळा कोट घालून नट आला. भाऊसाहेबांनी फाटकाची किल्ली खिशात टाकली. नट दोन तास उन्हात उभा, मेकअप ओघळून कॉलरपर्यंत आला. शेवटी बिचाऱ्याने फाटकावरच कागद टेकून अर्ज लिहिला. भाऊसाहेबांनी त्यातला 'विनंती'चा चुकलेला ऱ्हस्व सुधारला आणि मग फाटक उघडलं. तो अर्ज बघायला पोरं महिनाभर ऑफिसात येत होती.

एस.वाय.तल्या एका मुलीने तक्रार केली की अमका मुलगा मागे मागे येतो. तिला कागद, त्याला कागद. मुलाने माफीनामा लिहिला तो शुद्धलेखनासाठी तीनदा परत आला. तिसऱ्या खेपेला त्या मुलीनेच त्याला शब्द सांगितले, आणि दोन वर्षांनी त्या दोघांच्या लग्नाची पत्रिका आली. भाऊसाहेबांनी ती त्याच तक्रारीच्या फायलीत लावली आणि वर लिहिलं, 'प्रकरण निकाली'.

माझ्या लग्नाचं मी तोंडी सांगितलं तर म्हणाले, पत्रिका आली की बघू. पत्रिका दिली. लग्नाला सगळ्यांत आधी आले, शेवटच्या पंगतीपर्यंत थांबले आणि निघताना खिशातून रुमालाबरोबर पत्रिका बाहेर आली तर तिला डाव्या बाजूने पंचिंगची दोन भोकं पाडलेली. माझे सासरे अजून त्यावरून हसतात.

मग वनिता आली.

वनिता वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. बापाची होडी, आई अंधेरीच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. होडी लागली की मासळी निवडायला घरातले सगळे हात लागत, म्हणून पहिल्या तासाला वनिताला उशीर. बरं, उशीरही एकसारखा नाही. आज दहा मिनिटं, चार दिवसांनी दीड तास, मग आठवडाभर अगदी वेळेवर. उपस्थिती कमी भरली तर विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही, म्हणून मी तिला ऑफिसात नेलं. तिने सांगितलं की त्यांची होडी भरतीच्या पाण्यावरच खाडीत शिरते आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते.

भाऊसाहेबांनी कागद सरकवला. "लेखी द्या."

"काय लिहू, भाऊसाहेब?"

"भरतीच्या वेळा. पुढच्या महिन्याच्या."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्या माणसाला चेष्टा येत नव्हती. वनिताने बापाला विचारून तिथीवरून महिन्याभराच्या वेळा लिहून आणल्या. भाऊसाहेबांनी त्या टाइप केल्या, वर 'परिशिष्ट अ: भरती' असं शीर्षक दिलं, प्राचार्यांची सही घेतली आणि परिशिष्ट मस्टरला जोडलं. त्याप्रमाणे माझा मराठीचा तास मागेपुढे व्हायला लागला. मग दर महिन्याला नवं परिशिष्ट. नोटीस बोर्डावर वेळापत्रकाशेजारी भरतीचा तक्ता लागायचा आणि साकीनाक्याहून येणारी, समुद्राशी काडीचा संबंध नसलेली पोरंसुद्धा एकमेकांना विचारायची, आज पाणी किती वाजता आहे रे.

पोरगी हुशार होती, आणि नुसती पाठांतरवाली नाही. एकदा मी समुद्रावरची एक कविता मोठ्या रंगात येऊन शिकवत होते. ती म्हणाली, मॅडम, यांनी होडी किनाऱ्यावरून पाहिलीय, आत बसून नाही. आणि कुठल्या ओळीवरून ते कळतं तेही दाखवलं. मी पाच वर्षं तीच कविता शिकवत होते, मला दिसलं नव्हतं. तिला बी.ए. व्हायचं होतं. त्यांच्या आळीत तोवर कुणी मुलगी बी.ए. झाली नव्हती. बापाने एवढंच सांगितलं होतं की कॉलेज जवळ आहे, घरचं काम सांभाळून होतंय, तोवर जा. हे बंद पडलं तर दुसरीकडे जायचं नाही. खाडीपलीकडच्या मढचं एक स्थळ त्याने मनात धरून ठेवलेलंच होतं.

आणि कॉलेज बंद पडत चाललं होतं. सगळ्यांना कॉमर्स हवं होतं. कोळीवाड्यातली पोरंसुद्धा अकाउंट्स शिकायला विलेपार्ल्याला जायला लागली. एका वर्षी एफ.वाय.चे प्रवेश थांबले, त्याच्या पुढच्या वर्षी एस.वाय. गेलं. ते दोन्ही हुकूम लेखी आले होते, म्हणून भाऊसाहेबांनी चूपचाप फायलीला लावले. प्राध्यापक एकेक करून निघाले. वनिताची तुकडी टी.वाय.ला पोचली तेव्हा प्राचार्यही दुसरीकडे गेले होते. उरली अकरा मुलं, इतिहासाचे एक सर, मी, एक शिपाई आणि भाऊसाहेब.

जूनमध्ये अध्यक्ष आले. सरांच्या मागे ट्रस्टवर आलेले हे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांना त्या जागेवर ट्रस्टची इंग्रजी शाळा वाढवायची होती. भाऊसाहेबांसमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की अकरा पोरांसाठी एवढी इमारत अडवणं काही बरं नाही, त्यांचे दाखले काढा, दुसरीकडे पाठवा, या महिन्यापासून कॉलेज बंद.

कागद सरकला. पेन आडवं ठेवलं गेलं.

"लेखी द्या, साहेब."

अध्यक्ष हसले. पाठवतो म्हणाले आणि गेले. भाऊसाहेबांनी तो कागद उचलून पुन्हा गठ्ठ्यात ठेवला. मग मला म्हणाले, तास घ्या तुम्ही, आज पाणी साडेनऊला आहे.

गोम अशी की लेखी द्यायचं म्हणजे अध्यक्षांना आधी विद्यापीठाला विचारावं लागणार. का बंद करता, अकरा मुलांची सोय कुठे केलीत, सगळं सांगावं लागणार. त्यांना ते नको होतं. कॉलेज आपोआप संपलं असं दिसायला हवं होतं. हे भाऊसाहेबांना पहिल्या मिनिटाला कळलं होतं, मला कळायला दिवाळी उजाडली. तोवर आम्ही वर्ग घेत होतो. स्टाफरूमचे बल्ब कुणीतरी काढून नेले, आम्ही ऑफिसात बसायला लागलो. पाण्याची मोटर बंद झाली, वनिता आणि बाकीची मुलं घरून कळशी आणायला लागली. एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. डिसेंबरात परीक्षेचे फॉर्म कॉलेजच्या शिक्क्यानिशी विद्यापीठात पोचले की मुलं परीक्षेला बसणार. त्याच्या आधी लेखी हुकूम आला तर वाट लागली.

दिवाळीनंतर अध्यक्ष पुन्हा आले. मी ऑफिसात पेपर तपासत होते. यावेळी त्यांचा सूर मऊ होता. ट्रस्टच्या शाळेत क्लार्कची जागा रिकामी झालीय, भाऊसाहेब, तुम्ही सोमवारपासून तिकडे या, इथल्या चाव्या आणि शिक्का माझ्याकडे द्या, असं म्हणाले.

"फॉर्म गेले की येतो," भाऊसाहेब म्हणाले.

"जागा थांबणार नाही."

"बरं."

मी वाट बघत होते. कागद सरकला नाही. त्या ऑफिसात मी असताना पहिल्यांदाच कुणीतरी तोंडी काही दिलं आणि ते तोंडीच राहिलं.

त्याचा उलगडा मला दोनच दिवसांनी झाला. कॉलेज बंद झाल्यावर कर्मचाऱ्यांना दुसऱ्या कॉलेजांत सामावून घेतात, त्यासाठी प्रत्येकाच्या नेमणूकपत्राची नक्कल पाठवायची होती. मी मदतीला बसले. माझी फाईल निघाली, इतिहासाच्या सरांची निघाली, शिपायाची निघाली. मग त्यांची. वर बोरूने लिहावं तशा अक्षरात त्यांचं नाव. आत काही नाही. फाईल उलटी करून झटकली मी.

"भाऊसाहेब, तुमचं नेमणूकपत्र?"

ते सरांचा फोटो पुसत होते. म्हणाले, सर म्हणाले उद्यापासून ये, मी आलो. पत्र आज देतो, उद्या देतो असं चाललं, मग मीच मागायचं सोडलं. वीसेक वर्षं झाली.

मला इतका संताप आला. आम्हाला तीन-तीन दिवस बाकावर बसवलंत, नटाला उन्हात उभं केलंत, आणि स्वतःचा कागद नाही? त्याच्याशिवाय तुम्हाला कुठे घेणार? मी बरंच काही बोलले. मग त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले,

"सरांनी शब्द दिललो, बाय. तेंका कसा सांगू, लेखी द्या म्हणान?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मालवणी मी कधी ऐकली नव्हती. 'मॅडम'ची 'बाय'ही कधी झाली नव्हती. मी त्यांना म्हटलं, तुम्ही सोमवारी शाळेत जा, ती एकच जागा आहे तुम्हाला, फॉर्म मी नेऊन देते.

"वनिताची उपस्थिती परिशिष्टाशिवाय भरत नाही," ते पुन्हा नेहमीच्या भाषेत म्हणाले. "ते परिशिष्ट खिडकीवर तुम्ही समजावून सांगाल?"

नसतं सांगता आलं मला. मी तिथे रडले असते, नाहीतर भांडले असते.

सोमवारी ते शाळेत गेले नाहीत. त्याच आठवड्यात अध्यक्षांचं पत्र आलं. विद्यापीठाकडून काय मिळवलं होतं कोण जाणे, पण लेखी आलं. पाकिटावर 'मा. प्राचार्य' असा पत्ता. भाऊसाहेबांनी पाकीट उजेडाकडे धरलं, उलटसुलट पाहिलं आणि उघडलंच नाही. प्राचार्य इथे नाहीत, दुसऱ्याचं टपाल उघडायचं नसतं, म्हणाले. लाल शाईने शेरा मारला, 'सदर पद रिक्त', आणि पाकीट पोस्टाने परत. दहा-बारा दिवसांनी दुसरं आलं, कार्यालयाच्या नावाने. ते त्यांनी उघडलं, तीनदा वाचलं. घाईत अध्यक्षांची सही राहून गेली होती. पुन्हा लाल शेरा, पुन्हा पोस्ट. मी आणि इतिहासाचे सर तोंडावर हात धरून हसत होतो. ते हसत नव्हते. सही असती तर त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला फाटक बंद केलं असतं, हे मला आजही ठाऊक आहे.

डिसेंबरात ते अकरा फॉर्म आणि सहा महिन्यांची परिशिष्टं घेऊन विद्यापीठात गेले. सकाळी गेले ते संध्याकाळी आले. मुलं जिन्यावर बसून होती. खिडकीवरच्या कारकुनाने म्हणे भरतीचे तक्ते बघून विचारलं, हे काय बंदर आहे की कॉलेज? भाऊसाहेबांनी त्याला प्राचार्यांची जुनी मंजुरी दाखवली, तिच्यामागे महिनावार लावलेली परिशिष्टं. आम्हाला त्यांनी एवढंच सांगितलं, "पोच मिळाली." आणि त्या दिवशी पहिल्यांदा मुलांबरोबर पायरीवर बसून चहा प्यायले.

जानेवारीत तिसरं पत्र आलं, सगळं बिनचूक. त्यांनी आवकचा शिक्का मारला, नंबर घातला आणि ते नोटीस बोर्डावर लावलं. आता लेखी आलं, म्हणाले. फॉर्म गेल्यामुळे हुकूमच तसा होता, परीक्षा संपली की बंद. शाळेतली जागा तोवर भरली होती.

एप्रिलच्या शेवटी, शेवटचा पेपर झाला त्या दुपारी अकरा मुलं कॉलेजवर आली. मी वनिताला त्या रिकाम्या फायलीचं सांगून बसले होते. सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात ते राहीना. तिने आल्या आल्या ऑफिसातला कॉलेजच्या नावाचा एक कागद मागितला, बाहेर बाकावर बसून लिहिला, अकरा जणांनी सह्या केल्या आणि तो भाऊसाहेबांच्या पुढ्यात त्यांच्यासारखाच सरकवला. त्यात लिहिलं होतं की आपली या महाविद्यालयात हेडक्लार्क म्हणून कायम नेमणूक करण्यात येत आहे, तरी त्वरित रुजू व्हावे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जावक नंबर नाही," ते म्हणाले.

जावकचं रजिस्टर उघडून त्यांनी शेवटचा नंबर घातला, कागदावर तोच लिहिला, शिक्का मारला आणि पत्र वनिताला परत दिलं. आता द्या, म्हणाले. तिने दोन्ही हातांनी दिलं. त्यांनी रजिस्टरात समोरच्या रकान्यात लिहिलं, 'मिळाले', आणि खाली सही केली. मग वनिताने पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील काढले. त्या माणसाने कधी कुणाचा पेढासुद्धा घेतला नव्हता. पुडकं नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ह्याचा मात्र लेखी नको." पोरं इतकी हसली की वरच्या रिकाम्या वर्गात आवाज घुमला.

दुसऱ्या दिवसापासून फाटकाला ट्रस्टचं कुलूप होतं.

मला जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात घेतलं, घाटकोपरला. का घेतलं? माझ्याकडे पत्र होतं म्हणून, त्या बाकावरच्या पहिल्या तारखेचं. शिपायालाही घेतलं. भाऊसाहेबांना कुणी घेतलं नाही. मी दोन-चार ठिकाणी शब्द टाकला, पण शब्दाने काय होतं, लेखी काही नव्हतं. मला अजून त्याची लाज वाटते.

निकाल लागला तेव्हा कॉलेजच उरलं नव्हतं, गुणपत्रिका वाटणार कोण? भाऊसाहेब विद्यापीठात रांगेत उभे राहिले, अकरा गुणपत्रिका सोडवून आणल्या आणि घरोघरी पोचवल्या. वर्सोव्याला गेले तेव्हा वनिता घरी नव्हती. तिची आई मासळी कापत बसलेली. तिने हात साबणाने तीनदा धुतले, वास घेऊन पाहिला, चौथ्यांदा धुतले आणि मग कागद हातात घेतला. भाऊसाहेबांनी वहीत 'मिळाले' असं लिहून तिचा अंगठा घेतला. हे मला वनिताने सांगितलं. सेकंड क्लास होता. मढचं स्थळ परत गेलं. वर्सोव्याच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात तिला नोकरी लागली, आणि तिथल्या लोकांना ती काय ऐकवते ते तुम्ही ओळखलंच असेल.

भाऊसाहेब पुढे गोरेगावला रेशन ऑफिसबाहेर दिसायचे. झाडाखाली फळी टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. मी दिसले की उठून उभे राहायचे आणि वनिताचं विचारायचे. मी त्यांचं विचारलं की म्हणायचे, चाललंय. एकदा गेले तर फळी होती, ते नव्हते. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं की पंधरा दिवस झाले, झोपेतच गेले.

मी आणि वनिता दिंडोशीला त्यांच्या घरी गेलो. एक खोली, जमिनीपासून छतापर्यंत नीटनेटकी. वहिनींनी पाणी दिलं आणि मग एक फाईल आणून आमच्यापुढे ठेवली. तीच, बोरूच्या अक्षरातली. आत आता दोन कागद होते. पहिला वनिताने लिहिलेला. दुसरा त्यांच्या हातचा.

'प्रति, तृतीय वर्ष कला, सर्व विद्यार्थी. आपल्या पत्रानुसार आज मध्यान्हपूर्व रुजू झालो आहे. कळावे.' खाली सही. तारीख कॉलेजला कुलूप लागलं त्या दिवसाची.

मी वहिनींना ती तारीख दाखवली. त्या म्हणाल्या, हो, त्या दिवशीही डबा घेऊन वेळेवरच निघाले होते. दुपारी परत आले. डबा तिथेच फाटकाबाहेर बसून खाल्ला म्हणाले, घरी येऊन हे लिहून काढलं आणि फायलीला लावलं.

वनिताने तो कागद हातात घेतला. कोपऱ्यात त्यांनी आवक नंबरासाठी जागा आखून ठेवली होती, ती कोरी होती. तिने पर्समधून पेन काढलं, कागद मांडीवर नीट सरळ केला आणि त्या जागेत लिहिलं, 'मिळाले'. मग खाली आपलं पूर्ण नाव लिहून पुढे 'बी.ए.' असं लिहिलं.